एलोदी क्लुव्हेल: दोन रौप्यपदकं आणि मधल्या आठ वर्षांत बदललेला खेळ

रिओ 2016 मध्ये 1356 गुण, रौप्यपदक. पॅरिस 2024 मध्ये 1452 गुण, पुन्हा रौप्यपदक. फ्रान्सच्या एलोदी क्लुव्हेलचे हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाटतं, आठ वर्षांत ती जवळजवळ शंभर गुणांनी सुधारली. पण मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पॅरिसपर्यंत तलवारबाजी, पोहणं, घोडेस्वारी, नेमबाजी आणि धावणं असे पाच प्रकार असलेल्या खेळात, असा हिशेब चालत नाही. रिओत शेवटच्या टप्प्यात 3200 मीटर धावायचं होतं, पॅरिसमध्ये 3000. धावण्याचा एक सेकंद म्हणजे एक गुण. म्हणजे ते 200 मीटर कमी झाल्यामुळेच प्रत्येकीच्या खात्यात साधारण 40 गुण आपोआप वाढले. उलट पोहण्याच्या गुणांची किंमत मधल्या काळात घसरली, आणि क्लुव्हेल मूळची जलतरणपटू आहे.

तिची कारकीर्द मला मोठी वाटते ती याच कारणासाठी. नाव तेच राहिलं, खेळ मात्र जवळपास दुसरा झाला, आणि ती दोन्हींत दुसरी आली. हे समजून घ्यायला गुणांच्या पोटात शिरावं लागतं, म्हणून या लेखात आकडे जास्त आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. तो आणणारे, आधुनिक ऑलिंपिकचे जनक पियेर द कुबेर्तँ फ्रेंच होते, तरी ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या हाती फार काही लागलं नव्हतं. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सांघिक कांस्य मिळालं, तेही स्वीडनचा संघ बाद झाल्यावर: त्यांचा एक खेळाडू मद्यचाचणीत सापडला होता, आणि ऑलिंपिकच्या इतिहासातली उत्तेजकांवरून झालेली ती पहिली हकालपट्टी. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा सांघिक कांस्य. जागतिक स्पर्धांत चित्र वेगळं होतं. जोएल बूझू 1987 मध्ये विश्वविजेता झाला, अमेली काझेने 2007, 2008 आणि 2010 अशी तीन वैयक्तिक विश्वविजेतेपदं मिळवली. पण ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक कोणालाच मिळालं नव्हतं. ते 19 ऑगस्ट 2016 रोजी रिओच्या देओदोरो मैदानावर क्लुव्हेलने मिळवलं.

तिचा जन्म 1989 चा, सेंत-एतियेन शहराजवळचा. आई-वडील दोघंही लांब पल्ल्याचे धावपटू. ती स्वतः पोहणारी, राष्ट्रीय पातळीपर्यंत पोहोचलेली. बीजिंग ऑलिंपिकच्या सुमारास, एकोणीस-वीस वर्षांची असताना, तिने पेंटॅथलॉन धरलं. हे वय उशिराचं आहे. पोहणं आणि धावणं घरातच होतं, पण तलवार, घोडा आणि पिस्तूल या तिन्ही गोष्टी जवळपास शून्यापासून शिकायच्या होत्या. चार वर्षांत ती लंडन ऑलिंपिकला पोहोचली, तिथे बरीच मागे राहिली, आणि पुढच्या चार वर्षांत थेट रौप्यपदकावर आली. ती फ्रान्सच्या राष्ट्रीय जाँदार्मरीत, म्हणजे पोलिसी काम करणाऱ्या लष्करी दलात, आहे. पाच खेळ शिकायचे तर दिवसाचे तास पुरत नाहीत. अशा सेवेतली नोकरी आणि पॅरिसच्या इन्सेप संस्थेसारखं सगळ्या सोयी एका आवारात असलेलं केंद्र नसेल, तर विशीत सुरुवात करणाऱ्याला हा खेळ परवडत नाही.

पोहणाऱ्यांना या खेळात मुद्दाम आणलं जातं, त्याला कारण आहे. 200 मीटर फ्रीस्टाईलमधला वेग लहानपणीच कमवावा लागतो. विशीत पोहायला लागलेला तलवारबाज दोन मिनिटं दहा सेकंदांच्या आसपास पोहू शकेल, ही शक्यता फार कमी. उलट पोहणारी मुलगी चार-पाच वर्षांत चांगली तलवारबाजी शिकू शकते. पूलमध्ये प्रतिस्पर्धी अंगावर येत नाही, घोडा आडवा येत नाही, त्यामुळे तिथले गुण जवळपास ठरलेले असतात. ही ठेव घेऊनच क्लुव्हेल या खेळात आली.

आता त्या ठेवीची किंमत पाहू. रिओत 2 मिनिटं 30 सेकंदांना 250 गुण होते आणि प्रत्येक 0.33 सेकंदाला एक गुण. म्हणजे प्रतिस्पर्ध्यापेक्षा 5 सेकंद आधी भिंत गाठली तर 15 गुणांची आघाडी. रिओनंतर नियम बदलला आणि 0.5 सेकंदाला एक गुण झाला. त्याच 5 सेकंदांचे मग 10 गुण. जी खेळाडू पूलच्या जोरावर पुढे जाते तिच्या आघाडीचा एक तृतीयांश भाग कागदावरच गेला. ही तूट दुसरीकडून भरून काढायची, तर जागा दोनच: तलवारबाजी आणि नेमबाजी. घोडेस्वारीत 300 च्या वर गुणच मिळत नव्हते, तिथे फक्त गमावता यायचे.

तलवारबाजी हा माझ्या मते या खेळाचा कणा आहे आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळ्यात कमी कळणारा भागही. तलवार एपे प्रकारची, वजन 770 ग्रॅमपेक्षा कमी, टोकाची कळ 750 ग्रॅमच्या दाबाला दाद देणारी. डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोक लागलं की वार धरला जातो. नेहमीच्या एपेत पंधरा वारांची लढत असते: पहिल्या दोन-तीन वारांत समोरच्याचा अंदाज घ्या, चुका, सावरा. पेंटॅथलॉनमध्ये एकच वार आणि एक मिनिट. 36 जणी असतील तर प्रत्येकीच्या 35 लढती, एकामागून एक, काही तास. मिनिटात कोणीच वार केला नाही तर दोघींनाही पराभव. दोघींचे वार एकाच क्षणी लागले तर तो वार धरलाच जात नाही, पुन्हा सुरू.

यातून खेळण्याची एक खास रीत तयार होते. फार थांबून चालत नाही, कारण घड्याळ दोघींनाही मारतं. फार घाईने पुढे गेलं तर समोरची हात लांब करून तुमच्याच धावेवर वार घेते. नव्याने आलेल्या पोहणाऱ्या मुली इथे नेमक्या दोन चुका करतात. पहिली, पायाच्या आधी खांदा पुढे जातो. पोहण्यात खांदा लांबवणं हा गुण असतो, एपेत त्यामुळे मनगट आणि कोपराची आतली बाजू उघडी पडते. दुसरी, विसाव्या-पंचविसाव्या लढतीपर्यंत मांड्या थकतात, बैठक वर येते, अंतराचा अंदाज चुकतो आणि ओळीने चार-पाच लढती जातात. ही पडझड डोळ्यांना लगेच दिसत नाही, गुणफलकावर दिसते. 70 टक्के लढती जिंकल्या की 250 गुण. रिओ आणि टोकियोत त्याच्या पुढे-मागे प्रत्येक विजयाचे 6 गुण होते. रिओत क्लुव्हेल सुवर्णापासून 16 गुणांनी दूर राहिली. म्हणजे 35 पैकी फक्त तीन लढतींचा फरक.

रिओचा तो शेवटचा टप्पा पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. आधीच्या चार प्रकारांचे गुण जमवून ज्याची आघाडी असेल तो पहिला सुटतो, बाकीचे जितके गुण मागे तितके सेकंद उशिरा. त्यामुळे शेवटी जो आधी रेषा ओलांडेल तोच विजेता. पोलंडची ओक्ताव्हिया नोवाट्स्का पहिली सुटली. ऑस्ट्रेलियाची क्लोई एस्पोसितो सातव्या क्रमांकावर, नोवाट्स्काच्या 45 सेकंद मागे. चार वेळा नेमबाजी, चार वेळा 800 मीटर. एस्पोसितो प्रत्येक नेमबाजीतून बाहेर पडताना पुढे सरकत गेली आणि 1372 गुणांसह जिंकली. क्लुव्हेल 1356, नोवाट्स्का 1349. पहिली सुटलेली तिसरी आली, सातवी सुटलेली पहिली, आणि दोघींच्या मध्ये क्लुव्हेल टिकून राहिली. एस्पोसितो त्या दिवशी अफाट खेळली. पण 45 सेकंदांची पिछाडी नुसत्या पायांनी भरून निघत नाही, ती मोठ्या प्रमाणात नेमबाजीच्या टेबलावर भरली गेली.

त्या टेबलावर काय होतं ते नीट सांगतो. लक्ष्य 10 मीटरवर, पाच लक्ष्यभेद झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, गोळ्यांवर मर्यादा नाही, पण 50 सेकंद झाले की पाच लागोत न लागोत, पुढे धावता येतं. पिस्तूल लेझरचं, एकाच हाताने चालवायचं. चांगली खेळाडू दहा-बारा सेकंदांत पाच पुरे करते. एक नेम चुकला की सुमारे दोन सेकंद जातात. खरं नुकसान त्यानंतर होतं: चुकलेल्या नेमानंतर बोट घाई करतं, चाप ओढताना मनगट खाली झुकतं, दुसराही चुकतो, आणि मग पंचवीस सेकंद होऊन जातात. म्हणजे एका फेरीत तेरा-चौदा गुण गेले. पूलमध्ये तेवढे कमवायला रिओच्या दराने साडेचार सेकंद आणि पॅरिसच्या दराने जवळजवळ सात सेकंद वेगाने पोहावं लागेल.

उपाय सरावाचा असतो आणि तो शांत उभं राहून करून भागत नाही. शर्यतीच्या वेगाने 600 मीटर, लगेच पाच नेम, लगेच पुन्हा 600, अशा फेऱ्या. टेबलाच्या शेवटच्या तीस-चाळीस मीटरमध्ये वेग किंचित उतरवून एक-दोन लांब श्वास सोडायचे. पाय आधी ठरलेल्या कोनात रोवायचे, मग हात वर. पहिला नेम मुद्दाम अर्धा सेकंद उशिरा घ्यायचा. बहुतेक जण पहिलाच नेम चुकतात, कारण श्वासाबरोबर नळी वर-खाली होत असते आणि ती स्थिर होण्याची वाट कोणी पाहत नाही. 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मॉडर्न पेंटॅथलॉनमधले प्रकार होते, त्यामुळे आपल्याकडेही आता लेझर पिस्तूल घेऊन धावणारी मुलं-मुली तयार होत आहेत. त्यांना सांगण्यासारखी हीच पहिली गोष्ट आहे.

क्लुव्हेलने या टप्प्याची तीन रूपं ऑलिंपिकमध्येच पाहिली. लंडनला 1000 मीटरच्या तीन फेऱ्या आणि तीनदा नेमबाजी, वेळेची मर्यादा 70 सेकंद. रिओ आणि टोकियोला 800 च्या चार आणि चारदा नेमबाजी. पॅरिसला 600 च्या पाच, नेमबाजी चारदाच, आणि सुरुवात धावण्याने. फेरी जितकी लहान, तितकी टेबलाजवळ पोहोचताना नाडी जास्त, कारण खेळाडू ती जवळपास पूर्ण वेगाने काढते. शेवटच्या नेमबाजीनंतर उरणारं अंतरही 1000 वरून 800 आणि मग 600 वर आलं. चुकलेला नेम पायांनी भरून काढायला जागा कमी होत गेली.

टोकियोत ती सहावी आली. त्या स्पर्धेने मात्र सगळा खेळच हलवला. जर्मनीची आनिका श्लॉय पहिल्या दोन प्रकारांनंतर आघाडीवर होती. चिठ्ठीने मिळालेल्या घोड्याने उडी मारायला नकार दिला, तिची सगळी आघाडी रिंगणातच संपली, आणि घोड्याला ठोसा मारल्याबद्दल संघाच्या प्रशिक्षिकेला बाहेर काढण्यात आलं. ती दृश्यं जगभर गेली. पॅरिसनंतर घोडेस्वारी काढून टाकायचं ठरलं.

घोडा हा या खेळातला एकमेव भाग होता जिथे अनोळखी जोडीदार मिळायचा. चिठ्ठी टाकून घोडा ठरायचा, ओळख करून घ्यायला वीस मिनिटं, सरावाच्या उड्या मोजक्याच, आणि मग 120 सेंटीमीटरपर्यंतचे अडथळे. दांडी पडली तर 7 गुण वजा, घोडा अडला तर 10, ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदाला एक. उशिरा शिकलेले स्वार भीतीने लगाम घट्ट धरतात. घोड्याला मान लांबवता येत नाही, पाठ कडक होते, मागचे पाय दांडीला लागतात. त्यातून सावरायला स्वार वेग वाढवतो, अडथळ्याजवळ पावलं जुळत नाहीत, आणि घोडा थांबतो. वीस मिनिटांत एवढंच शोधायचं असायचं की या घोड्याला पायांचा दाब किती लागतो आणि तोंडात हात किती हलका ठेवला तर तो खूश असतो. उड्यांचा सराव त्यानंतर. विशीत खोगिरावर बसलेल्या क्लुव्हेलने चार ऑलिंपिक या परीक्षेतून काढली. पूलमधल्या वेगापेक्षा मला याचंच जास्त मोल वाटतं.

पॅरिसची रचना पूर्ण नवी होती. तलवारबाजीची मोठी फेरी 8 ऑगस्टला, उपांत्य फेरीतून 36 पैकी 18 जणी अंतिम फेरीत, आणि अंतिम फेरी व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात उभारलेल्या एकाच मैदानावर: रिंगण, तलवारबाजीचा मंच, पूल, धावण्याचा मार्ग, सगळं प्रेक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात. पाचही प्रकार सुमारे 90 मिनिटांत. पूर्वी पोहणं आणि धावणं यांच्यात काही तास मिळायचे, कपडे बदलून, खाऊन, पडून राहता यायचं. पॅरिसला घोड्यावरून उतरलं की तलवारबाजीचा मुखवटा, मुखवटा काढला की पोहण्याचा पोशाख, पूलमधून बाहेर आलं की थोड्या वेळात बूट. पोहल्यावर खांदे जड असतात आणि नेमबाजीचा हात त्याच खांद्याला लटकलेला. हातातला हा कंप पूर्वी विश्रांतीत निघून जायचा. बदलत्या नियमांचा जलतरणपटूंना बसलेला हा दुसरा फटका, आणि त्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही.

आणि तरीही 11 ऑगस्टला, ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी, घरच्या प्रेक्षकांसमोर, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती दुसरी आली. हंगेरीची मिशेल गुयाश 1461 गुणांच्या विश्वविक्रमासह पहिली, क्लुव्हेल 1452, दक्षिण कोरियाची सोंग सुंग-मिन 1441 वर तिसरी. अंतर 9 गुणांचं. एक दांडी आणि दोन सेकंद उशीर, किंवा टेबलावर चार-पाच चुकलेले नेम, किंवा पूलमध्ये साडेचार सेकंद. रिओचा पोहण्याचा दर कायम राहिला असता तर निकाल उलटला असता का, असं विचारायचा मोह होतो. पण गुयाशही त्याच दराने पोहली असती, आणि नियम वेगळे असते तर दोघींनी सरावाचे तास वेगळे वाटले असते. त्यामुळे तो प्रश्न मी सोडून देतो.

पुरुषांची अंतिम फेरी आदल्या दिवशी झाली होती. म्हणजे व्हर्सायच्या त्या सकाळी क्लुव्हेल आणि बाकीच्या सतरा जणी ज्या घोड्यांवर बसल्या, ती 1912 पासून चालत आलेल्या ऑलिंपिक पेंटॅथलॉनमधली शेवटची घोडेस्वारी. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये त्या जागी अडथळ्यांची शर्यत असेल: दोन मार्गिकांत शेजारी-शेजारी धावणं, हातांनी लोंबकळत पार करायच्या कड्या आणि दांड्या, शेवटी चढून जायची वाकडी भिंत. तिथे मुठीची पकड आणि स्वतःचं वजन उचलण्याची ताकद लागते. पोहणाऱ्यांची पाठ आणि खांदे या कामाला लवकर तयार होतात. पण पकड थकली की पुढे पिस्तुलाचा हात थरथरणार, आणि लोंबकळण्याच्या सरावानंतर लगेच नेम धरायला किती विश्रांती लागते, हेच आता प्रशिक्षकांना नव्याने मोजून काढावं लागेल.